मागे बसवत नाही असा उमराव

फर्निचरच्या शोरूममधली माणसं ड्रायव्हरला मौनीबाबा म्हणत. तो मुका नव्हता. घरी बायकोशी आणि गाडीत एकटा असला की रेडिओशी तो भरपूर बोलायचा. पण कामावर लागला त्या दिवशीच मालकांनी सांगून ठेवलं होतं, "मी बोलत असताना मध्ये तोंड उघडायचं नाही." आणि मालक सतत बोलत असत. दुकानात गिऱ्हाइकाशी, गाडीत फोनवर, आणि फोन नसला तर पुढच्या गाडीवाल्याशी, काच बंद ठेवून. त्यामुळे ड्रायव्हरची पाळी सहसा येतच नसे.

एरवी त्याचं काही अडत नव्हतं. पण मुलीला मुलगी झाली आणि पंचाईत झाली. लेक राहायची लांब. जाऊन यायचं तर आठवडाभराची रजा हवी. बायको आधीच तिकडे गेली होती. ती रोज फोनवर नातीचं रडणं ऐकवायची आणि विचारायची, "रजेचं बोललात का?"

"आज साहेब फोनवर होते."

"आणि काल?"

"कालही."

असं करता करता नात महिन्याची झाली. फोटोवरून बाळ हातात किती जड लागेल ते कळत नाही, याचा त्याला फार त्रास होई.

रविवारी दुपारी मालक थोरल्या बहिणीकडे खेळायला जात. पत्ते नव्हेत. बहीण निवृत्त इतिहासशिक्षिका. ती मनानं एक राज्य रचायची आणि टेबलाभोवतीचा प्रत्येक जण त्या राज्यातला एक माणूस व्हायचा. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं. जमलं की नाही ते फासे ठरवणार आणि पुढे काय झालं ते बाई सांगणार. मालक दरवेळी राजपुत्र होत. त्यांची मैत्रीण, दातांची डॉक्टर, राजकन्या. तिसरा गडी विमा एजंट, तोही राजपुत्रच. मग हे अख्खं राजघराणं खाणावळीत शिरून खोलीच्या भाड्यावरून घासाघीस करायचं. बाईंना वीट आला. "राज्यात सगळे युवराज आणि भांडी घासायला कुणी नाही," त्या म्हणाल्या. "यापुढे जन्म फाशांनी ठरेल. बदलून मिळणार नाही."

एजंट त्याच दिवशी खेळ सोडून गेला. गडी कमी पडला म्हणून बाईंनी खाली गाडीत बसलेल्या ड्रायव्हरला वर बोलावलं.

फासे पडले. डॉक्टरीणबाई चोर निघाल्या. मालक मोतद्दार, म्हणजे तबेल्यात घोड्यांना खरारा करणारा. ड्रायव्हर उमराव.

"ताई, पुन्हा टाकू या," मालक म्हणाले.

"नाही."

ड्रायव्हरला उमराव होणं काही जमेना. मुक्काम हलवायची वेळ आली की तो म्हणे, "लगाम मी धरतो."

"उमराव हाकत नाहीत, मागे बसतात," बाई सांगत.

"मागे बसलं की मला मळमळतं."

मेजवानीला बोलावलं तर तो आधी घोडे कुठे लावायचे ते विचारी. कुठल्या वाटेनं जायचं आणि कुणाकडे जेवायचं, हे सगळं मोतद्दार ठरवत होता.

तरी ड्रायव्हरला तो खेळ मनापासून आवडला. उमरावाचा अंगरखा कुठल्या रंगाचा, असं बाईंनी एकदा विचारलं. आपल्याला काय आवडतं हे कुणी विचारून बरीच वर्षं झाली होती. "पिवळा," तो म्हणाला, आणि दिवसभर खुशीत राहिला.

पुढे, नात महिन्याची झाली त्याच आठवड्यातल्या रविवारी, मंडळी किल्ल्याच्या दरवाजाशी आली. पहारेकऱ्यानं विचारलं, "तुमच्यात उमराव कोण?"

"मी," मालक म्हणाले. मुख्य कोण असं कुठल्याही दारात विचारलं की आजवर ते हेच उत्तर देत आले होते.

बाईंनी वाळूचं घड्याळ उलटं केलं. त्या राज्यातला कायदा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. साध्या माणसानं उमराव असल्याची थाप मारली तर फाशी. सुटका एकच: वाळू संपायच्या आत खऱ्या उमरावानं म्हणायचं, "हा माझा माणूस आहे."

"अगं ताई, चुकून तोंडातून गेलं," मालक म्हणाले. "आणि हा कसला कायदा? पहारेकऱ्याला काय अधिकार? किल्लेदाराला बोलाव, मी बघतो त्याच्याकडे..." तोंडाचा पट्टा सुरू झाला. ड्रायव्हर ताठ बसला होता. वाक्य जिभेवर तयार होतं. मालक दम घेतील तेव्हा बोलायचं, एवढंच बाकी होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं. मालकांनी दम घेतला नाही. वाळू संपली.

"मोतद्दाराला फाशी दिली," बाई म्हणाल्या.

मालक ड्रायव्हरकडे वळले. "अरे, एक वाक्य बोलायचं होतं! तोंड का नाही उघडलंस?"

"साहेब, तुम्ही बोलत होतात."

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मालकांना पुढे काही सुचेना. ड्रायव्हरनं जरा वाट पाहिली. ही शांतता टिकते की काय, याचा अंदाज घेतला.

"आता बोलू का, साहेब?"

"बोल."

"मुलीकडे जायचंय. आठवडाभर रजा हवी होती. नात झालीय. महिन्याची झाली."

"महिन्याची?" मालक म्हणाले. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

याचं उत्तर ड्रायव्हरनं आत्ताच दिलं होतं.

"तू मेलायस," बाई भावाला म्हणाल्या. "मेलेल्यानं मध्ये बोलायचं नाही. उमराव, कधी निघताय?"

ड्रायव्हरनं मालकांकडे पाहिलं. मालकांनी ब्रही काढला नाही.

"उद्या सकाळी," तो म्हणाला.