अमर म्हंजी किती सूत

दगडावर कोरायचा मजकूर कुणी हातात दिला की उस्मानचाचा आधी त्यातले मोठे शब्द शोधायचे. अक्षय, अखंड, चिरंतन, अमर. सापडला की त्यावर पेन्सिलीचं टोक टेकवून विचारायचे, "ह्यो किती सूत खोल?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुकानाच्या पाटीला एक सूत, कोनशिलेला दोन, असा त्यांचा नेम. लोक हसायचे. शब्द कुठं मोजतात का, म्हणायचे. चाचा हसायचे नाहीत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती माझ्या धाकट्या भावाचा मजकूर घेऊन. विलास सीमेवर लढताना गेला आणि गावानं वेशीजवळ त्याच्या नावाचा दगड उभा करायचं ठरवलं. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून लिहायचं काम माझ्यावर आलं. दुःखात माणूस शब्दांच्या बाबतीत हात आखडता घेत नाही. मी एका ओळीत चिरंतन, अजरामर आणि अमर असे तिन्ही घातले होते. उंब्रजला हमरस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाचांनी कागद उभ्याउभ्याच वाचला.

"बाई, तुमी तीन-तीन लिवलंयसा. ह्यातला खरा कुठला?"

मला राग आला, आणि रागापाठोपाठ रडू. चाचा इतके गडबडले की पाणी आणायला गेले ते घागरीऐवजी तेलाच्या डब्याकडे. माझं रडून होईपर्यंत ते शेडमध्ये येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी मीच दोन शब्द खोडले. "अमर राह्यला न्हवं? मग ह्याला चार सूत. कमी न्हाई," ते म्हणाले आणि लगेच दगड निवडायला बाहेर पडले.

पण चार सूत काही झालं नाही. अनावरणाला येणाऱ्या पुढाऱ्यांनी तारीख अलीकडे घेतली आणि आठवड्याचं काम तीन दिवसांवर आलं. चाचांनी सगळी अक्षरं दीड सुतातच आटोपली. गाव खूश होतं, आम्हीही होतो. चाचांच्या जिवाला मात्र तेव्हापासून घोर लागला.

त्यात आमच्या गावाची भक्ती आडवी आली. दरवर्षी सव्वीस जानेवारीला गाव दगडाला ऑइलपेंट देतं, काळ्यावर पांढरी अक्षरं. रंगावर रंग चढतो आणि उथळ अक्षरं बुजत जातात. चाचा हे पहिल्याच वर्षी ओळखून चुकले. मग दर पंचवीस जानेवारीला सकाळी त्यांची जुनी एम-एटी दुचाकी वेशीवर उभी दिसायची. ते रंग खरवडायचे आणि प्रत्येक अक्षर केसभर खोल न्यायचे. एकदाच काय ते खोल करून टाका, असं मी सुचवून पाहिलं. "एकदम घुसलो तर कडा उडत्यात बाई. दगडाला सवडीनं घ्यावं लागतं," असं हा स्वतः कधी सवड न घेणारा माणूस मला सांगत होता. पैशाचं नाव काढलं की ते गाडीला किक मारायचे.

नंतर आमच्याकडे चहा. तोही उंबऱ्याशी उभ्यानं. आई म्हणायची, "भाई, टेका की जरा."

"टेकलो की तिकडं अक्षर बुजाय लागतंय, आक्का."

आईला काचबिंदूनं दिसेनासं झालं, तशी या कामाची किंमत मला कळली. आई शाळेत कधी गेली नाही. पण रोज संध्याकाळी देवळाला जाताना ती दगडाशी थांबते आणि विलासच्या नावावरून बोट फिरवते. त्याचं नाव तिला वाचता येत नाही, पण बोटाला पाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी चाचा आले नाहीत. आयुष्यभराची दगडाची धूळ छातीत बसली होती. मी शाळेच्या कार्यक्रमात गुंतले होते, माझ्या ध्यानातच राहिलं नाही. तरुण मंडळानं त्या वर्षी मोठ्या हौसेनं दोन हात रंग दिला. संध्याकाळी आई देवळापर्यंत न जाताच परत आली आणि पायरीवर बसली.

"माझं पोरगं हाताला लागंना गं," ती म्हणाली.

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उंब्रज गाठलं. चाचा खाटेवर होते, धाप लागत होती. त्यांना पाहून सांगायचं नाही असं ठरवलं, आणि पुढच्या मिनिटाला सांगून टाकलं. ते उठून चपला शोधायला लागले. सुनेनं अडवलं, तर तिलाच हत्यारांची पिशवी काढून द्यायला लावली. आणि माझ्या स्कूटीवर मागं बसून ते आमच्या वेशीवर आले.

रंग आम्ही दोघांनी खरवडला. मग त्यांनी दोन घाव घातले आणि खोकल्यानं वाकले. वर आले तेव्हा छिन्नी माझ्यापुढे धरली होती. माझ्या हातून बिघडेल, मी म्हणाले.

"बिघडू द्या. पर थांबू नगा."

दुपार झाली, माझे तळहात सोलवटले. 'अमर'मधल्या अ-ची एक कड उडालीच. चाचांनी नुसतं "हं" केलं. शेवटी आईला आणलं. तिचं बोट नावावरून सरकत गेलं, उडालेल्या कडेशी थांबलं, पुन्हा मागं गेलं. "हाय. हितंच हाय," ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ बोट तिथून निघेना.

चाचा दगडाला पाठ लावून खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होते. आता तरी चार सूत झालं का, मी विचारलं.

"चार सूत बी रंगानं बुजतंच, बाई. मला वाटायचं, दगूड धरून ठेवतोय. दगूड काय धरतोय? कोण तरी फिरून याय लागतं."

त्याच उन्हाळ्यात ते गेले. कबरीवर एक अक्षरही नको, असं मुलाला बजावून गेले होते. मी जाऊन आले. साधी माती, उशाला ओबडधोबड दगड. खरवडायला रंग नाही, खोल करायला अक्षर नाही. या माणसासाठी मला काहीच करता येत नव्हतं, आणि ते मला फार लागलं. मुलानं निघताना त्यांची पिशवी माझ्या हाती दिली.

आज पंचवीस जानेवारी. मंडळाची मुलं रंगाचा डबा घेऊन माझ्यासाठी थांबली आहेत. मी आधी, रंग नंतर, हे आता त्यांनाही ठाऊक झालंय. छिन्न्यांना काल धार लावून आणली. आईनं आत्ताच तिसऱ्यांदा विचारलं, "कवा निघायचं?" चहा ओतून ठेवलाय, पण मला काही बसवत नाही. उंबऱ्याशी उभी राहूनच पितेय.