दीड जागेची गादी

आमच्या बेटावरच्या आंकुद गावात लोकरीच्या गाद्या भरणाऱ्या बायका आता दोनच उरल्यात आणि त्यातली एक सारखी आजारी असते. त्यामुळे एदेल्मिरा कार्कामोचं बरं चाललंय. गादी उसवायची, लोकर धुवायची, बोटांनी पिंजायची, पुन्हा भरून टाके घालायचे, हे ती लग्नाआधीपासून करत आलीय. गादीला खळगा कुठे पडलाय यावरून कुणाचं घरात पटत नाही हे तिला ओळखता येतं. गप्प बसता मात्र येत नाही.

आमच्याकडे पलंग जागांवर मोजतात: एका जागेचा, दीड जागेचा, दोन जागांचा. दीड जागेची गादी भरून मागायला कुणी आलं की ती हमखास विचारायची, "ते अर्धं माणूस कोण, कळू दे की!"

तर या एदेल्मिराची एकुलती एक लेक यास्ना हॉलंडहून आली ती याप नावाच्या मित्राला घेऊनच. लग्नाचा पत्ता नव्हता. हा याप इतका उंच की चुलीपाशी यायचा तर दारात कमरेतून वाकायचा.

"हा माझी पोरगी कायमची घेऊन जाणार," एदेल्मिरा शेजारच्या नोल्फाला म्हणाली. "पण मी बरी जाऊ देईन!"

"काय करणार आहेस?"

"काही नाही गं. पलंग देणार आहे."

यास्नाला तिने आपल्याजवळ झोपवलं आणि यापला मागच्या खोलीतला दीड जागेचा पलंग दिला. दोघांना तो पुरत नव्हता, आणि पाहुण्याला अंग चोरून झोपवलं असंही कुणी म्हणू शकत नव्हतं. लांबी बाकीच्या सगळ्या पलंगांएवढीच, म्हणजे यापचे पाय गुडघ्याखाली हवेत. वर तिने गादीच्या मधोमध गुठळ्यांची जाडीभरडी लोकर कोंबली. छान उंटासारखं मदार आलं.

"झोप लागली ना?" सकाळी त्याच्या पानात बटाट्याचा गरम मिल्काव वाढत ती गोड आवाजात विचारी.

"फार छान, सेन्योरा," मान चोळत याप म्हणे.

"तिकडे डबल बेडवर गाद्या दोन असतात, आई," यास्ना एकदा म्हणाली. "शेजारी शेजारी. पांघरुणंही दोन."

"आणि मधे?"

"मधे फट."

एदेल्मिराचा चेहरा उजळला. "नवरा-बायकोच्या मधे फट? मग टिकतात कशी लग्नं?"

"मधे फट असते म्हणूनच टिकतात," याप म्हणाला. यास्ना हसली. हे हसणं एदेल्मिराला मुळीच आवडलं नाही.

त्याच आठवड्यात बटाटे किसता किसता यास्ना म्हणाली, "आई, आम्ही शुक्रवारी निघतोय."

"आम्ही? तू कशाला?"

"मग काय त्याला एकट्याला पाठवू? अगं, तो इथेच राहायचं ठरवून आला होता. होड्या दुरुस्त करतात तिथे त्याचं कामाचं बोलणंही झालं होतं. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणतो, मी या बेटावर मावतच नाही."

एदेल्मिराच्या हातातला बटाटा थांबला. "हे आधी नाही सांगायचं?"

"तू विचारलंस कधी? रोज आपलं एकच, झोप लागली का!"

एदेल्मिरा हात पुसून तडक बाहेर गेली. याप अंगणात पुस्तक वाचत बसला होता.

"ऊठ. जमिनीवर आडवा हो."

बिचारा झाला. तिने डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली, वर आणखी वीतभर सोडली आणि ती सुतळी नोल्फाच्या सुतार नवऱ्याकडे पोचवली. मग मदारवाली गादी उसवली. आपली लग्नातली, दोन जागांची, तीही उसवली.

"एदेल्मिरा, अगं, पण यांचं लग्न?" नोल्फा कुजबुजली.

"आधी झोप तर होऊ दे त्यांची."

"दोन गाद्या करणार, सेन्योरा?" यापने आशेने विचारलं.

"एक. माझ्या घरात फट चालायची नाही."

दोन्ही गाद्यांची लोकर पिंजून झाली, तरी तिचं भरणं थांबेना. माळ्यावरची पोती आली. नोल्फाकडून आणखी एक आलं. शुक्रवारी दुपारी यास्ना आणि याप दोन कोपरे धरून गादी सुताराकडून आलेल्या नव्या, लांब पलंगावर चढवायला गेले, तर ती जागची हलेना.

"आई, किती जड केलीस गं ही! न्यायची झाली तर न्यायची कशी?"

सुई दातांत धरून एदेल्मिरा शेवटचा टाका आवळत होती. "कुठे न्यायचीय?"