बिरीबोची उमेदवारी

कैतीराच्या नवऱ्याकडे, बिरीबोकडे, कुणी काही मागितलं, की त्याच्या तोंडून 'घे' एवढंच निघायचं. किरिबाटीच्या बेटांवर हे सगळ्यांचंच आहे म्हणा. नातलगाने 'बुबुती' म्हणून हात पुढे केला की नाही म्हणायचं नाही. म्हणालात तर जन्मभर चिक्कू म्हणून तोंड लपवत फिरा. पण बाकीचे लोक चांगली वस्तू निदान आधी दडवून ठेवतात. हा बाबा दारातच मांडून ठेवायचा!

तरी नुसता दुकानदार होता तोवर बरं चाललं होतं. तांदूळ, पीठ, डब्यातलं मांस, रॉकेल. मागणारे ते नातलगच, आणि त्यांना कैतीरा पुरून उरायची. मग गावच्या म्हाताऱ्यांनी त्याला संसदेत पाठवायचं ठरवलं, आणि लागली वाट! हा निवडून आला अन् अख्खं बेट त्याचं नातलग झालं. ज्यांच्या आजीचं नाव ठाऊक नाही ते 'भाऊ, भाऊ' करत यायला लागले. कैतीराचं शिलाई मशीन गेलं. सायकली गेल्या. होडीचं इंजिन गेलं, मग इंजिनाशिवाय होडी काय चाटायची, म्हणून होडीही गेली. राजधानीत, तारावाला, अधिवेशनाला बिरीबो नव्या चपला घालून जायचा आणि अनवाणी परत यायचा.

"अरे, राजकारणात माणसं घरं भरतात," कैतीरा कपाळावर हात मारायची. "तू कसला रे पुढारी? सोड ना हे!"

"लोक आपलेच आहेत गं."

"आणि मी कोण, परकी?"

यावर तो खाली मान घालून नारळ सोलत बसायचा. भांडायलाही उभा राहील तर शपथ!

शेवटी उरला फ्रीजर. बर्फ न्यायला कोळी यायचे आणि जाताना साखर-तांदूळ घेऊन जायचे. तो गेला की दुकानाला कुलूपच. आणि तिसऱ्या निवडणुकीच्या तोंडावर कानावर आलं, की उत्तर टोकाचा म्हातारा तारैया सभेत फ्रीजर मागणार. तारैयाचं नातं? काडीचंही नाही. पण उमेदवार म्हटला की तो सगळ्यांचा.

"मागितलाच तर काय करशील?" तिने विचारलं.

"मागितल्यावर काय करणार?" बिरीबो म्हणाला.

सभेच्या दिवशी मनेआबात, गावाच्या त्या मोठ्या छपराखाली, जो तो आपापल्या घराण्याच्या खांबाशी बसला होता. बिरीबोच्या डोक्यावर उमेदवाराची फुलांची माळ. तारैया खाकरतोय न खाकरतोय, तोच बायकांमधून कैतीरा उठली.

"मला बुबुती करायचीय. बिरीबोकडे."

मनेआबात हशा पिकला. "पोरी, नवऱ्याकडे मागायला सभा कशाला?" सर्वांत थोरले आजोबा म्हणाले. "घरी माग की!"

"घरी मागून दमले, आजोबा. तिथे साक्षीला कुणी नसतं."

"बरं, काय हवंय?"

"त्याची उमेदवारी."

हसू जागच्या जागी थांबलं. "हे काय भलतंच! असलं कुणी मागतं होय?" तारैया भडकला.

थोरल्या आजोबांनी दाढी खाजवली. "त्याच्या हातात आहे ना? मग मागता येतं."

सगळे बिरीबोकडे वळले. त्याने डोक्यावरची माळ काढली आणि बायकोच्या डोक्यावर ठेवली. "घे."

तारैया हुशार. "मग आता उमेदवार तूच, पोरी. तर तो फ्रीजर..."

"मी कुठे उभी राहतेय? मिळालेली वस्तू वापरायची की माळ्यावर टाकायची, ते माझं मी बघेन. आणि तुमचं-आमचं नातं काय हो, आजोबा?"



घरी जाताना कैतीरा भांडणाच्या तयारीतच होती. "राग आला असेल तर बोलून टाक एकदाचा!"

"राग कसला?" बिरीबो म्हणाला. "मला कधी नकोच होतं ते. म्हाताऱ्यांनी बुबुती केली, उभा राहा म्हणून. दिलेलं परत कसं मागू? रोज वाटायचं, लोक इतकं सगळं मागतात, मग हे कुणी मागत कसं नाही."

कैतीरा थबकली. "अरे मेल्या! मग मला सांगायचंस तरी!"

"माग असं सांगणं म्हणजे मीच मागणं झालं ना गं."

ती वाळूत बसली.

"माझं शिलाई मशीन गेलं रे त्यात," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.