आईचं गाणं

परवा हीटरजवळ वाळत घातलेल्या लोकरी कोटाचा ओलसर वास आला आणि मी थेट अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका हिवाळ्यात जाऊन पोचले. इराकचं युद्ध चालू होतं. इंजिनिअरिंग करता करता मी युनिव्हर्सिटीच्या ऑपेरात लाइट्स सांभाळायचे. कुठला प्रसंग ठेवायचा आणि का, हे ठरवायला जर्मनीहून हेल्गाबाई आल्या होत्या. त्यांचा जन्म त्याच कामात गेला होता.

त्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "म्हाताऱ्या आईचं गाणं कट करू. प्रयोग लांबतोय."

बर्फाने भिजलेला कोट न काढताच हेल्गाबाई उभ्या राहिल्या. "मुलगा लढाईवर निघालाय आणि आई गप्प बसेल?"

"हट्ट धरलात तर पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणार नाही."

"नका बोलावू. गाणं ठेवा."

आवाज शांत होता. एका गाण्यासाठी एवढं काय, असं मला तेव्हा वाटलं.

गाणं राहिलं. प्रयोगात ते संपलं, तेव्हा पहिल्या रांगेतली एक बाई रडत उठली आणि उभीच राहिली.

पुढच्या वर्षी हेल्गाबाईंना खरंच बोलावलं नाही. आज मी नाटकं लिहिते. कुठल्या ओळीसाठी काम गेलं तरी चालेल, हे मी आधीच ठरवून तालमीला जाते.