भांबुर्ड्याशिवाय पोपटी

माझ्या हातून आयुष्यात एकदाच विषबाधा झाली, आणि तीही घरच्या माणसांना. परकं म्हणावं तर कुलकर्णी नवरा-बायको तेवढे होते. पण ते आमच्याच गाडीतून आले होते, म्हणजे घरचेच धरायचे.

माझा मुलगा मिलिंद मस्कतजवळ अल खौदला राहतो. इंजिनियर आहे. दोन वर्षं झाली, मी त्याच्याकडेच असते. ऑक्टोबरात तो म्हणाला, "आई, सलालाला जाऊ. पाऊस संपलाय, गर्दी गेलीय आणि डोंगर अजून हिरवे आहेत." सलाला म्हणजे ओमानचं दक्षिणेकडचं टोक. तिथे पाऊस पडतो, नारळ होतात, केळी होतात. (आमच्याकडे मस्कतला काय होतं? घाम.) गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी सालिम नावाच्या एका ओमानी माणसाचा मळा होता. दोन खोल्या, पाण्याची टाकी, केळीची बाग आणि त्याच्या आईच्या शेळ्या. तो मळा आम्हाला तीन दिवसांसाठी भाड्याने मिळाला.

मळा म्हटल्यावर मी म्हटलं, "मग पोपटी लावू."

आम्ही रोह्याकडचे. ज्यांना पोपटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी आणि मसाला लावलेलं चिकन भरायचं. पाणी घालायचं नाही, तेल घालायचं नाही. तळाला भांबुर्ड्याचा पाला, तोंडाला भांबुर्ड्याचा पाला (भांबुर्डा म्हणजे उग्र वासाचं रानझुडूप). मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. त्या पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं आणि त्याचाच वास लागतो. पोपटी थंडीत लावतात, हे मला ठाऊक आहे. पण ओमानात थंडीची वाट बघत बसलं तर पोपटीआधी माणूसच भाजून निघतो.

मडकं रुस्ताकच्या बाजारात मिळालं. अल खौदहून सलालापर्यंत अख्खा दिवस ते माझ्या मांडीवर होतं. शेंगा गोठवलेल्या मिळाल्या. राहिला पाला.

सून प्रज्ञा गाडीतच म्हणाली, "आई, भांबुर्डा इथे कुठे मिळणार? केळीची पानं घालू."

"केळीची पानं घातली तर ती पोपटी नव्हे. ते केळीच्या पानातलं चिकन."

"पण आई—"

"पाला मी शोधते. मी भांबुर्ड्यात वाढलेय."

हे वाक्य मी त्या प्रवासात निदान सहा वेळा म्हटलं. कुलकर्णी मिलिंदचे शेजारी, मूळचे पुण्याचे; तिथे भांबुर्डा नावाचं जुनं गाव होतं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी सकाळी मी टोपली घेऊन मळ्यामागच्या उतारावर गेले. हिरवं खूप होतं. ओळखीचं काहीच नव्हतं. धोतरा तेवढा ओळखला आणि त्याला लांबून नमस्कार केला. तासाभराने एक झुडूप दिसलं. पान जरा खरखरीत, लवदार. चुरगळलं तर उग्र वास. भांबुर्ड्याचा वास असाच असतो. म्हणजे, साधारण असाच असतो. टोपली भरली आणि परत आले.

मिलिंदने पान हातात घेतलं. "आई, हाच ना? नक्की?"

"तू मला शिकवणार भांबुर्डा?"

त्याने पान परत टोपलीत ठेवलं. लहानपणी माझ्या हातचा मार खाल्लेली माणसं एवढ्यावर माघार घेतात.

पोपटी सुरेख झाली. खोटं कशाला बोलू? मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, पाला काढला आणि वाफ अशी आली की कुलकर्ण्यांनी डोळे मिटले. कुलकर्णी घरी शाकाहारी आहेत. घराची हद्द त्यांनी अल खौदपर्यंत धरलेली असावी, कारण चिकनचे पाच तुकडे त्यांनी एकट्याने संपवले. त्यांची बायको वैशाली अंडी आणि बटाट्यावर होती. नात त्रिशा, वय बारा, एरवी जेवताना तोंड वाकडं करते. तिने तीनदा मागून घेतलं.

"आजी, हे बेस्ट आहे. हे लीफ कोणतं?"

"भांबुर्डा."

"स्पेलिंग?"

"ते तुझं तू बघ."

ती बघायला गेली, तिथेच घात झाला. मळ्यात फोनला रेंज नव्हती. फक्त पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उभं राहिलं की यायची. त्रिशा एक पान घेऊन कठड्यावर चढली. तिच्या फोनमध्ये झाडाचा फोटो काढला की नाव सांगणारं काहीतरी आहे. थोड्या वेळाने ती वरूनच म्हणाली, "आजी, हे भांबुर्डा नाही."

"फोनला काय कळतंय."

"फोन म्हणतो, हे पॉयझन आहे."

कुलकर्ण्यांच्या हातात शेंग होती. ती त्यांनी हळूच परत ताटात ठेवली.

"काय होतं म्हणे खाल्ल्यावर?" मिलिंदने विचारलं.

त्रिशा वाचू लागली. तिचं मराठी अडखळत चालतं, त्यामुळे एकेक लक्षण सावकाश बाहेर आलं. "तोंड ड्राय होणार... हार्ट फास्ट होणार... घाम येणार... आणि लोक कन्फ्यूज होणार आणि खूप बोलणार."

"माझं तोंड कोरडं पडलंय," कुलकर्णी म्हणाले.

"सकाळपासून बडबडताय, पडणारच," वैशाली म्हणाली.

"म्हणजे ते पण लक्षण आहे! खूप बोलणार, म्हणाली ना ती?"

"ते लक्षण तुम्हाला लग्नाच्या आधीपासून आहे."

पण बोलता बोलता तिनेही स्वतःची नाडी धरली. मिलिंदला घाम फुटला होता. (भर दुपारी, जाळाशेजारी, ओमानात. पण तेव्हा हे कुणाला सुचलं नाही.) प्रज्ञा ऑफिसात माणसांचं बघते, एचआर की काय ते. तिने कागदी रुमाल घेतला, पेन घेतलं आणि कुणी किती खाल्लं ते लिहायला बसली. "डॉक्टर आधी हेच विचारतील. आई, तुम्ही?"

"दोन तुकडे, एक अंडं."

"त्रिशा?"

त्रिशाने बोटं मोजली. एक हात पुरला नाही.

तेव्हा मात्र मला आईचं बोलणं आठवलं. माझी आई शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. ती म्हणायची, शेळीने सोडलेलं माणसाने खाऊ नये. सकाळी त्या उतारावर सालिमच्या आईच्या शेळ्या चरत होत्या. सगळा उतार त्यांनी कुरतडला होता. ते एकच झुडूप अख्खं होतं. मी उलट खूश झाले होते, की बरं झालं बाई, शेळ्यांनी माझ्यासाठी ठेवलं!

"आई," मिलिंद म्हणाला, "आता शेवटचं विचारतो. तू ओळखलं होतंस ना?"

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. वासावरून आणला. पन्नास वर्षं मी झाडावरचा भांबुर्डा पाहिलेला नाही. तुझा मामा गोणीत भरून पाठवायचा."

"आणि भांबुर्ड्यात वाढलेय, ते?"

"घरात गोणी असायची ना."

कुलकर्णी चटईवर आडवे झाले. "मिलिंद," ते डोळे मिटून म्हणाले, "माझं काही झालं तर माझ्या आईला कळवा. पण चिकनमुळे म्हणू नका. भाजीमुळे म्हणा."

मिलिंदने कठड्यावर चढून सालिमला फोन लावला. सालिमने उचलला नाही. शुक्रवारची दुपार, तो मशिदीत. दवाखाना गावात, पाऊण तासावर. "यल्ला, चला, सगळे गाडीत," मिलिंद म्हणाला, आणि चावी हातात घेऊन तसाच उभा राहिला. "पण मी चालवू का? मला वाटेत कन्फ्यूज व्हायला झालं तर?"

"मी चालवते. मी एकच तुकडा खाल्लाय," प्रज्ञा म्हणाली आणि चावी काढून घेतली.

मी मडकं उचललं. तळाशी अजून थोडं चिकन होतं.

"ते कशाला?"

"डॉक्टरला दाखवायला." खरं म्हणजे हातात काहीतरी धरायला हवं होतं. त्रिशा माझ्या शेजारी बसली. मी दर मिनिटाला तिचं कपाळ बघत होते, आणि ती दर मिनिटाला म्हणत होती, "आजी, मी ओके आहे." ती जास्त बोलतेय का, हे मी मनात ताडत होते. दोन शब्द बोलली तरी मला जास्त वाटे.

गाडी मळ्याच्या फाटकापर्यंत गेली आणि थांबली. समोर सालिमची पिकअप आडवी. नमाज आटोपून तो आईला घेऊन आला होता. आमच्यासाठी नारळ आणले होते. आमच्या सहा जणांची तोंडं पाहून तो धावतच आला.

त्याला मोडकं हिंदी येतं. मी काचेतून पान बाहेर धरलं. "सालिमभाऊ, ये खाया. सबने खाया."

सालिमने पान पाहिलं. मडक्यात डोकावला. मग आईकडे वळून अरबीत काहीतरी बोलला. म्हातारी माझ्याच वयाची असेल. तिने पान हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं आणि डोईवरच्या ओढणीचं टोक तोंडाशी धरून हसायला लागली. हसणं थांबेचना.

"मामा," सालिम म्हणाला (इकडे बाईमाणसाला मामा म्हणतात, त्याची मला सवय झाली आहे), "ये खाने का नहीं है. ये बकरी के नीचे बिछाने का है."

"मरेंगे क्या?"

"नहीं, नहीं. पेट दर्द में मेरा मां इसका पानी पीता है. कुछ नहीं होता." त्याने जरा विचार केला. "मक्खी नहीं बैठेगा, बस."

"मोबाईल बोला, पॉयझन है."

"मोबाईल का घर में बकरी है?"

एवढ्यात म्हातारीने माझ्या मांडीवरच्या मडक्यात हात घातला, चिकनचा एक तुकडा काढला, फाटकाच्या दगडावर बसून शांतपणे खाल्ला आणि हाड बाजूला ठेवून दुसऱ्यासाठी हात पुढे केला. सोबत काहीतरी म्हणाली.

"क्या बोला?" मी विचारलं.

सालिम जरा लाजला. "बोलता है, अच्छा है. नमक कम है."

मी रडले वगैरे नाही. पण मडक्याचं तोंड पदराने पुसलं, आणि थोड्या वेळाने परत पुसलं. प्रज्ञाने कागदी रुमाल फाडून टाकला. मागच्या सीटवरून कुलकर्णी उठून बसले. तोंड कोरडं होतं ते एकदम ओलं झालं असावं, कारण त्यांनी विचारलं, "वहिनी, मग ते उरलेलं चिकन तिकडे चटईवरच आहे ना?"

होतं. पण मागचं, उताराकडचं फाटक उघडं राहिलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा चटईवर शेळ्या उभ्या होत्या. त्यांनी शेंगा खाल्ल्या होत्या, बटाटे खाल्ले होते, कुलकर्ण्यांच्या वहीची चार पानं खाल्ली होती, आणि नेमकं "मी भांबुर्ड्यात वाढलेय" लिहिलेलं पान त्यांत गेलं, हे बरंच झालं. चिकन मात्र मांजरांनी नेलं होतं.

मडक्यातून काढलेला पाला एका कडेला तसाच पडला होता. एका करडाने तो हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्या मळ्यात तो पाला सगळ्यांना ओळखता येत होता, अगदी दोन महिन्यांच्या करडालासुद्धा. येत नव्हता तो एका चौथी पास बाईला, आणि तिलाच आम्ही खास पाला ओळखायला बरोबर नेलं होतं.

मक्खी मात्र परतीच्या वाटेवर खरंच कुणावर बसली नाही.