दुसरीच्या मांडीवर आयचे हात

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी कुणालाही ताठ मानेने सांगते. मानकोलीला गोदामाच्या ऑफिसात नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून तेलरंग आणले. मला आयचं चित्र काढायचं होतं. तिच्या छातीत आयुष्यभराचा सुताचा कोंडा बसलेला. डॉक्टर म्हणाले होते, फार आशा ठेवू नका.

टेमघरला चित्रकला शिकवणारे सर म्हणाले, "आधी नक्कल. जुन्या उस्तादाचं एक चित्र पुरं कर, मग माणूस समोर बसव."

त्यांनी छापील चित्र दिलं. खुर्चीत बसलेली परदेशी म्हातारी, हात मांडीवर सैल सोडलेले. मी चौकटी आखून ती कॅनव्हासवर उतरवली. तेलरंगाचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. मी थर वाळायची वाट बघायचे, आणि इकडे आय उतरत चाललेली.

चेहरा जमला. हात मात्र छपाईत काळपटलेले, बोटं कळेनात. म्हणून आयलाच समोर बसवलं.

"आय, हात सैल सोड."

"सोडलाय की."

"मग ही चिमूट कशाला धरलीस?"

"मी न्हाय धरली. ती तशीच हाय." चित्राकडे बघून हसली, हसताहसता खोकली. "तुझी ही गोरी म्हातारी बरी गं बाय, नुसती बसून हाय!"

आय घरी लूमसाठी कांड्या भरायची. मशीनवर कांडी फिरायची आणि तिच्यावर चढणारं सूत आय अंगठा-बोटाच्या चिमटीतून सोडायची. दम लागायला लागला तसं मशीन विकलं. चिमूट राहिली. मी दिसली तशी काढली, बोटावर सुताने पाडलेल्या खाचेसकट.

सर म्हणाले, "चेहरा छान. हात चुकलेत. ही बाई काय धरून बसलीय? वाळलं की सुधार, मग आईला बसव."

रंग वाळायच्या आत आय गेली.

दिवसकार्य झाल्यावर सरांकडे गेले. ते हळूच म्हणाले, "हात तेवढे दुरुस्त कर. चित्र पुरं होईल."

मी रंग कालवला. ब्रश हातापर्यंत नेला आणि पुसून ठेवला. नक्कल म्हणून ते नापास आहे, मला मान्य आहे.

आता ते घरात भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, ही कोण? मी म्हणते, चेहरा कुणाचा ते मला माहीत नाही.