राहायला नागपूर, बेस हैदराबाद

मुलाखतीला समोर तिघे बसले होते. तांत्रिक प्रश्न संपल्यावर मधल्या गृहस्थांनी चष्मा काढला आणि विचारलं, "जेट की टर्बोप्रॉप?"

टर्बोप्रॉप म्हणजे पंख्यांचं लहान विमान, लहान गावांना जाणारं. जेटवर पगार जास्त, आणि पुढेमागे कंपनी बदलायची झाली तर दहा दारं उघडी. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतंच. लायसन्स हातात येऊन बरीच वर्षं झाली होती. नोकरी नव्हती म्हणून मी इतवारीत बाबांच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे. कुकर घ्यायला आलेल्या बायकासुद्धा विचारायच्या, "काय मॅडम, विमान कधी चालवता?" त्या दुकानातून मला सुटायचं होतं.

मी 'जेट' म्हणणार तेवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, "तुम्ही नागपूरच्या ना? मग टर्बोप्रॉप घ्या. आमचा पुढचा टर्बोप्रॉप बेस नागपूरच आहे. घरचं जेवून ड्युटीला याल."

बेस म्हणजे वैमानिकाचं ड्युटीचं गाव. काम तिथून सुरू होतं आणि तिथेच संपतं. तुम्ही राहता कुठे याच्याशी कंपनीला देणंघेणं नसतं. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याचा खामल्यात दातांचा दवाखाना, नुकता जम बसत होता. दवाखाना काही बॅगेत भरून दुसऱ्या गावी नेता येत नाही. घरी सासूबाई, उमरेडच्या विणकर घरातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळं नागपुरात. मी म्हणाले, "टर्बोप्रॉप."

प्रशिक्षण संपल्यावर पत्र आलं, त्यात बेस हैदराबाद होता. मी कंपनीत फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "नागपूरचं पुढच्या सीझनला बघू."

विमान कंपन्यांचे वर्षाला दोन सीझन असतात, उन्हाळी आणि हिवाळी. प्रत्येक सीझनच्या आधी मी तोच फोन करायचे आणि तेच उत्तर ऐकायचे. हैदराबादला आम्ही तिघी वैमानिकांनी मिळून एक फ्लॅट घेतला. भिंतीवर काही लावलं नाही, पडदेसुद्धा नाही. तिघींपैकी कुणालाच तिथे राहायचं नव्हतं.

सुट्टीला घरी यायचं तर कर्मचाऱ्यांचं तिकीट मिळायचं. पण ते स्टँडबाय. म्हणजे सगळे प्रवासी बसले आणि जागा उरली तरच तुम्ही. काउंटरच्या बाजूला बॅग धरून उभं राहायचं आणि शेवटच्या क्षणी धावत येणाऱ्या प्रवाशाकडे शत्रूसारखं बघायचं. हैदराबादहून येताना सुट्टीचा एक दिवस असा जायचा, परत जाताना अर्धा.

एकदा नागपूरहून जागा न मिळाल्याने मी परत घरी आले. सासूबाई दारातच होत्या.

"काहून वं, परत आली?"

"विमान भरलं, आई. कुणाच्या तरी लग्नाचं वऱ्हाड आहे."

"अवं, पण तू त विमान चालवते. मंग तुलेच जागा काहून नाही भेटत?"

मी हातातली बॅग खाली ठेवली. चपला तशाच टाकून आत गेले.

सगळ्यात वाईट दिवस म्हणजे ड्युटीवर नागपूरला येण्याचे. हैदराबादहून प्रवासी आणायचे, इथले घ्यायचे, लगेच परत. उतरताना सोनेगावचा तलाव दिसायचा, मग खामल्याच्या गच्च्या. विमान उभं राहायचं आणि मी खुर्चीतच. खाली उतरून फार तर विमानाभोवती एक फेरी मारायची, टायर बघायचे. घरी नवरा दुपारचा जेवून पेशंट बघायला निघत असायचा आणि मी त्याच गावात बसून कंपनीचं थंड सँडविच खायचे. शेजारचे कॅप्टन म्हणायचे, "होम टाउन! नाइस!" मी मान हलवायचे.

पुढे एका लग्नसराईत सकाळची आणि दुपारची दोन्ही विमानं भरून गेली तेव्हा मी रेल्वेने निघाले. रिझर्व्हेशन नव्हतं. डब्याच्या दाराजवळ बॅगेवर बसून हैदराबाद गाठलं. दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्युटी होती. उठले तेव्हा डोळे चुरचुरत होते आणि साधी बेरीज दोनदा करावी लागत होती. थकलेल्या वैमानिकाने उडू नये असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. मी कळवलं की आज मी उडू शकत नाही.

दोन दिवसांनी बेसच्या मॅनेजरांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. स्वतः चहा मागवला.

"तुम्ही नागपूरला राहता हा तुमचा व्यक्तिगत निर्णय आहे," ते म्हणाले.

"सर, मला नागपूर बेस मिळेल असं मुलाखतीत सांगितलं होतं. म्हणून मी जेट सोडलं."

"कुणी सांगितलं?"

मी त्या गृहस्थांचं नाव सांगितलं. ते कधीच नोकरी सोडून गेले होते. मॅनेजर हसले. "मग आता काय करायचं आपण?"

मी चहा संपवून बाहेर आले. पार्किंगमध्ये उभी राहून खूप वेळ कुणाला तरी फोन लावायचा म्हणून फोन हातात धरला होता. कुणाला लावायचा तेच सुचेना.

त्याच्या पुढच्या वर्षी मी घरी आले तर सासूबाईंनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. शेजारीपाजारी वाटून झाले होते. सकाळच्या पेपरात बातमी होती की आमची कंपनी नागपुरात बेस उघडते आहे.

"झालं ना वं आता! मी तुह्या बाबालेही फोन केला. थे त रडूनच राहिले होते."

मी बातमी वाचली. बेस होता, नागपूरचाच होता, पण जेटचा. टर्बोप्रॉपचं त्यात नाव नव्हतं. टर्बोप्रॉपवाल्याला जेट चालवता येत नाही, त्याचं प्रशिक्षण वेगळं, परवाना वेगळा. हे सासूबाईंना समजावताना माझा आवाज चढला, जणू चूक त्यांचीच होती. त्यांनी बॉक्सचं झाकण लावलं आणि हळूच म्हणाल्या, "मले का माहीत वं बाई, विमानातही जातपात असते म्हणून." नवरा हसला. मला हसू आलं नाही.

गंमत पुढेच होती. जेटच्या जुन्या वैमानिकांपैकी नागपूर कुणालाच नको होतं. मग सगळ्यांत नव्या मंडळींना इकडे पाठवलं. त्यातला एक मला नागपूरच्या स्टँडबाय काउंटरवर भेटला. हैदराबादचा होता, बायको आणि घर तिथे. मी नागपूरची, हैदराबादला निघालेली. तो हैदराबादचा, नागपूरला कंटाळलेला. दोघंही एकाच विमानाला लटकलो होतो.

"मॅडम, आपको नागपूर चाहिए? मेरा ले लीजिए," तो म्हणाला.

आम्ही खरंच अर्ज केला. दोघांनी मिळून एकच मेल लिहिली: अदलाबदल करा, कंपनीचं काही जात नाही. दोन ओळींचं उत्तर आलं. फ्लीट, म्हणजे विमानांचा ताफा, वेगळा असल्याने विनंती मान्य करता येत नाही.

काउंटरवर भेटलो त्या पहिल्या दिवशी मात्र विमानात एकच जागा उरली होती. नोकरीत मी त्याच्याआधी लागलेली, म्हणून ती मला मिळाली. तो बॅग घेऊन उभा राहिला. मला राहवलं नाही. मी घरी फोन लावला, "आई, एक जण जेवायला येतोय. माझ्याच कंपनीतला आहे." माझ्यासाठी म्हणून केलेला पाटवडीचा रस्सा घरी तसाच होता, मी घाईत न जेवता निघाले होते. तो त्याने खाल्ला.

मग तो येतच राहिला. सासूबाईंना जेवू घालायला माणूस मिळाला, नवऱ्याला क्रिकेट बघायला सोबत. मी हैदराबादच्या त्या बिनपडद्याच्या खोलीत दहीभात खात असायचे आणि फोनवर फोटो यायचा: आमचं टेबल, माझी नेहमीची खुर्ची, आणि खुर्चीत तो. खाली नवऱ्याने लिहिलेलं, 'तुझी आठवण काढतोय.' मी फोन उलटा ठेवायचे. त्या बिचाऱ्याचा यात काय दोष, हे कळत होतं. कळत असल्यामुळे जास्तच राग यायचा.

त्याच्या बायकोने एकदा मला हैदराबादला जेवायला बोलावलं. परतफेड असेल असं मला वाटलं. साधं, नीट घर. तिने वाढलं, पण स्वतः बसली नाही. माझं जेवण होत आल्यावर म्हणाली, "एक बात बोलूं? बुरा मत मानिए. आप लोग वहाँ उनको इतना अच्छा संभालते हो, इसीलिए वो ट्रान्सफर के लिए लड़ते नहीं हैं."

 मी काही बोलणार होते की त्याने माझ्याइतकेच अर्ज केलेत, पण तिचा चेहरा पाहून बोलवेना. मला आमच्या घरात त्याचं असणं खुपत होतं तेवढंच तिला आमचं घर खुपत होतं. आम्ही दोघींनी मिळून भांडी उचलली. निघताना तिने लोणच्याची बाटली दिली. सासूबाईंसाठी.

त्या वर्षाअखेरीस त्याने नोकरी सोडली. दुसऱ्या कंपनीने त्याला हैदराबाद बेस देऊन घेतलं. जेटचा वैमानिक होता, त्याला कुठेही जाता येत होतं. मला जायला जागा नव्हती. पंख्यांची विमानं असलेल्या कंपन्या आपल्याकडे आहेत किती? निरोप घ्यायला तो घरी गेला तेव्हा सासूबाईंनी त्याला टॉवेल-टोपी दिली. मला हे फोनवर कळलं.

नंतर कंपनीने टर्बोप्रॉपच्या काही जणांना जेटवर घ्यायचं ठरवलं. अट अशी की त्यानंतर काही वर्षं नोकरी सोडायची नाही, आणि बेस प्रशिक्षण संपल्यावर ठरेल. नवरा म्हणाला, "बघ बुवा, मागच्यासारखं होऊ नये." तरी मी सही केली. नागपुरात त्या हैदराबादवाल्याची जागा रिकामी होती, आणखीही दोघे गेले होते. इतकी वर्षं ज्या गावाला कुणी जायला तयार नाही तिथे मी जायला तयार होते. मला नाही देणार तर कुणाला देणार?

सिम्युलेटरमध्ये मी जीव तोडून काम केलं. परीक्षकांनी चांगला शेरा दिला. शेवटच्या आठवड्यात बेस जाहीर झाले. माझ्या नावापुढे दिल्ली होतं. नागपूरला एका दिल्लीच्या मुलीला टाकलं होतं. ती माझ्याच बॅचची. हॉलबाहेर जिन्यावर बसून ती रडत होती. मी तिच्या शेजारी बसले.  आता तर फ्लीटही एकच होता. म्हणून आम्ही लगेच वरच्या ऑफिसात जाऊन अदलाबदल मागितली. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की नव्या बेसवर किमान एक वर्ष काढल्याशिवाय बदली होत नाही.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "चल, ठीक आहे. दिल्लीच्या फ्लाइट्स तरी जास्त आहेत. जागा मिळत जाईल."

त्याने चिडावं, निदान एकदा कंपनीला शिव्या घालाव्यात असं मला वाटत होतं. तो समजूतदारपणे बोलत राहिला: भाडं, विमानांच्या वेळा, थंडीत धुक्याचं काय करायचं. पलीकडे पेशंटच्या दातावर मशीन चालू असल्याचा आवाज येत होता, बहुधा त्याचा असिस्टंट काम करत असावा. मी "हो, हो" म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "तू पेशंट बघ," आणि फोन ठेवला.

दिल्लीला येऊन आता आठ महिने होत आले. ती दिल्लीची मुलगी आमच्या घराजवळच भाड्याने राहते. सासूबाईंनी तिला अजून जेवायला बोलावलेलं नाही. आमची अदलाबदल होईपर्यंत बोलवायचं नाही, असं मीच त्यांना सांगून ठेवलं आहे.